ब्रेनरकाकांचा तिसरा रकाना

इरा, नील,

मार्चमध्ये आजोबा गेले, तेव्हा तुमच्या बाबाने ती बातमी इराला दहावीच्या पेपरला निघताना सांगितली, बूट घालत असताना. नंतर फोनवर इरा मला एवढंच म्हणाली, "आजी, त्याला तीन तास थांबता आलं नसतं का?" मी "बोलू नंतर" म्हणून फोन ठेवला. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते फोनवर देण्यासारखं नव्हतं. आता मी ब्याऐंशीची आहे आणि नंतर म्हणजे नक्की कधी, हे माझ्या हातात नाही. म्हणून लिहून काढते. तुमचा बाबा पुढे पुण्याला जाऊन राहिला, तुम्ही दोघं तिथेच वाढलात, मराठी नीट वाचता, ही माझी मोठीच सोय झाली आहे.

ते उत्तर म्हणजे एक माणूस आहे. वॉल्टर ब्रेनर. आम्ही घरात त्यांना ब्रेनरकाका म्हणायचो. समोर अर्थातच मिस्टर ब्रेनर. मी त्यांच्यासाठी 'मिसेस के' होते, कारण आमचं आडनाव त्यांच्या जिभेला झेपत नसे. ते बोलायचे इंग्रजीत आणि तुटक. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, तुटकपणा त्यांचाच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आजोबांची नोकरी बदलली म्हणून आम्ही न्यू जर्सीतलं पिस्कॅटवे सोडून इथे, ओहायोतल्या डब्लिनला आलो. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला शेजारच्या गवतावर एक उंच, खांद्यांत वाकलेला म्हातारा दिसला. ओठांत न पेटवलेली सिगरेट. हातात तो अमेरिकन फुटबॉल, दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा. हात पुढे लांब करून तो चेंडू सोडायचा. चेंडू गवतावर पडायचा. तो वाकून उचलायचा आणि पुन्हा सोडायचा. फेकणं नाही, लाथ नाही, फक्त सोडणं. मी भांडी घासता घासता मोजलं. एकशे चाळीसपर्यंत मोजलं आणि मग भांडी संपली.

"डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय," आजोबा म्हणाले. "कुंपण घालून घेऊ या."

कुंपण घातलं नाही. काही दिवसांनी कळलं, ते तीस वर्षं इथल्या शाळेच्या मैदानाचे माळी होते. गवत कापायचं, पांढऱ्या पट्ट्या मारायच्या, बर्फ हटवायचं. त्याच्याही आधी, तरुणपणी, एका लहानशा कॉलेजच्या संघात ते पंटर होते, गुडघा जाईपर्यंत. बायको लुईस वारलेली. मूलबाळ नाही.

पंटर म्हणजे काय, ते सांगायला हवं. या खेळात संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की बहुतेक वेळा चौथीला चेंडू लाथेने लांब उडवून विरुद्ध संघाला देऊन टाकतात, म्हणजे निदान त्यांना आपल्या दारातून सुरुवात करता येत नाही. ही लाथ म्हणजे पंट आणि ती मारणारा तो पंटर. तो येतो तेव्हा प्रेक्षक उसासे टाकत हॉट डॉग आणायला उठतात. ब्रेनरकाका म्हणायचे, "पंटर वाईट बातमी घेऊन मैदानात जातो, मिसेस के. बातमी बदलणं त्याच्या हातात नसतं. नीट पोचवणं असतं."

तुमचा बाबा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याचा डबा रोज रिकामा परत यायचा, म्हणून मी खूश होते. मग शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. तो डबा बाथरूममध्ये जाऊन, दार आतून लावून खात होता. डब्याच्या वासावरून मुलं त्याला जे बोलायची ते त्याने मला कधीच सांगितलं नाही, आणि मी अजूनही विचारलेलं नाही. मी त्या दिवसापासून सँडविच द्यायला लागले. त्याने सँडविचही बाथरूममध्येच खाल्लं.

घरी आल्यावर तो मागच्या पायरीवर बसून ब्रेनरकाकांकडे बघत राही. बरेच दिवस दोघांत एक शब्द नाही. एका दुपारी मी खिडकीतून ऐकलं.

"बघतोस काय? पाय आहेत ना?"

"आहेत."

"आणि हात?"

"किक मारायला हात कशाला?"

"म्हणजे तुला काहीच येत नाही," ब्रेनरकाका म्हणाले. "चांगलं आहे. अर्धवट येणाऱ्यांना शिकवायचा मला कंटाळा आहे. ये इकडे."

तीन आठवडे त्यांनी त्याला एकही लाथ मारू दिली नाही. उजव्या हाताचा तळवा चेंडूच्या खाली, हात सरळ, चेंडू उजव्या पायाच्या समोर कमरेइतक्या उंचीवर. चेंडूचं पुढचं टोक किंचित आत आणि किंचित खाली. मग बोटं उघडायची. चेंडू वर उडवायचा नाही, खाली ढकलायचा नाही. "लाथ गाढवही मारतं," ते म्हणायचे. "चेंडू सोडता यायला माणूस लागतो." सपाट पडलेला चेंडू जागच्या जागी उसळायचा. जरासा कलला की हरणासारखा कुठेही पळायचा आणि तुमचा बाबा त्याच्या मागे आमच्या टोमॅटोच्या वाफ्यात.

लाथ सुरू झाल्यावर दोन पावलं. घोटा ताठ, बोटं पुढे ताणलेली, चेंडू बोटांवर नाही तर पावलाच्या वरच्या हाडावर घ्यायचा. पाय सरळ वर, आपल्याच कानाकडे. डोळे चेंडूवर. तुमचा बाबा मान वर करायचा, चेंडू किती लांब गेला ते बघायला. "तो आता तुझा राहिलेला नाही," काका खेकसायचे. "त्याला कशाला बघतोस? त्याला बघायला मी आहे."

मला कामाला लावलं ते एका चुकीमुळे. दिवाळीत मी दारापुढे रांगोळी काढत होते. ब्रेनरकाका कमरेवर हात ठेवून मागे उभे. "ही रेघ हाताने? दोरी न लावता?" त्यांना वाटलं, मी शाळेच्या मैदानाच्या पट्ट्या आखणाऱ्यांपैकीच कोणी आहे. दुसऱ्या दिवशी चुनखडीच्या भुकटीचं एक पोतं घेऊन ते दारात हजर. तेव्हापासून सरावाच्या रेघा मी मारत असे. शिवाय आजोबांनी प्रयोगशाळेतून आणलेलं चावीचं स्टॉपवॉच माझ्या हातात आलं आणि मी, ग्रंथालयात कार्डं लिहिणारी बाई, ओघानेच एक वही आखली. पहिला रकाना: चेंडू किती सेकंद हवेत राहिला. दुसरा: कुठे गेला.

काकांनी वही पाहिली, पेन्सिल मागितली आणि तिसरी उभी रेघ ओढली. त्यावर लिहिलं: 'का?'

"कुठे गेला ते आंधळ्यालाही दिसतं," ते तुमच्या बाबाला म्हणाले. "का गेला ते तू सांगायचं. प्रत्येक वेळी. तोंडाने. मग मिसेस के लिहितील."

"आय डोन्ट नो, सर."

"मग आठव. तुझा हात होता, माझा नव्हता."

आधी तो काहीबाही सांगायचा. वारा होता. गवत ओलं होतं. वारा असला तरी काका थांबून राहायचे, खोकायचे, ओठांतली सिगरेट इकडून तिकडे करायचे. ती पेटवलेली मी फारशी पाहिली नाही. "डॉक्टर म्हणाला पेटवू नका. धरू नका असं म्हणाला नाही." मग तुमचा बाबा हळूच म्हणायचा, "मी हात वर उचलला." मी ते लिहायचे. उन्हाळा संपेपर्यंत त्या रकान्यात वारा यायचा बंद झाला. 'घाई केली.' 'वर बघितलं.' 'त्या मुलांचा विचार आला.' ही शेवटची नोंद तुमच्या बाबाने सांगितली तेव्हा काका चेंडूपाशी गेले. खाली वाकून चेंडू उचलला आणि त्याच्या हातात दिला. 'वेल डन' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. चेंडू उचलून हातात देणं, एवढीच त्यांची शाबासकी.

त्या शरदात तुमचा बाबा शाळेच्या राखीव संघात पंटर म्हणून निवडला गेला. आता त्याला शाळेत संघातल्या मुलांच्या टेबलावर जेवायला जागा मिळाली. पहिल्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला, "आई, उद्या दोन सँडविचेस दे. केविनला तुझी चटणी ट्राय करायचीय." मी फ्रिजचं दार उघडून त्यामागे रडले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ब्रेनरकाका टपालपेटीपाशी मला भेटले. फुप्फुसाचा कॅन्सर. पसरलेला. डॉक्टरांनी काही आठवडे दिले होते. हे त्यांनी चेंडूचे सेकंद सांगावेत तसं सांगितलं. मग म्हणाले, "मुलाला आज सराव झाल्यावर सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नागपूरला होस्टेलवर होते, तेव्हा माझे वडील अमरावतीला गेले. मला आठ दिवस कोणी कळवलं नाही, कारण परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तर फाटकापाशी मामा उभे. आपल्याकडे हे असंच करतात, आणि सगळ्यांनी माझ्या आईच्या धीराचं कौतुक केलं. मला फर्स्ट क्लास मिळाला. यात काही चुकलं असं मला त्या ऑक्टोबरपर्यंत एकदाही वाटलं नव्हतं.

म्हणून मी म्हणाले, "मिस्टर ब्रेनर, चार आठवडे थांबा. चार मॅच उरल्यात. त्याला आत्ता कुठे माणसं मिळाली आहेत. सीझन संपू दे, मग मी स्वतः सांगेन."

ते बराच वेळ टपालपेटीचं झाकण उघडमीट करत राहिले. "लुईसला मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला नका सांगू. तेव्हा तशीच पद्धत होती. तिला कळलं. शेवटचे दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, मिसेस के. भिंतीकडे तोंड करून होती."

मी हे ऐकलं. नीट ऐकलं. आणि तरीही म्हटलं, "प्लीज."

"मुलगा तुमचा आहे," ते म्हणाले, आणि झाकण लावलं.

आजोबांना मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला पटत नाही. पण तू ठरवलंयस." ते वाद घालणारे नव्हते. घातला असता तर बरं झालं असतं, असं मी त्यांना पुढे एकदा म्हणाले, तेव्हाही त्यांनी वाद घातला नाही.

काका हॉस्पिटलमध्ये गेले. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. तुमच्या बाबाला मी सांगितलं, ते इंडियानाला बहिणीकडे गेलेत. त्यांना बहीण नव्हती. तो त्यांना पत्रं लिहायचा आणि मी ती 'पोस्टात टाकायला' घेऊन जायचे, म्हणजे त्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि उत्तर सांगायचे. "त्याला सांगा, थंडीत चेंडू दगड होतो. घोटा आणखी ताठ." घरी येऊन मी म्हणायचे, "काकांचा फोन आला होता. तू शाळेत होतास."

"मी घरी असताना का नाही करत ते?"

"बहिणीच्या घरचा फोन आहे. त्यांच्या सोयीने करायला लागतो."

तिसऱ्या आठवड्यात त्यांना बोलता येईना. मी पत्र वाचलं. त्यांनी उजवा हात पांघरुणावर आणला, तळवा वर केला आणि बोटं सावकाश उघडली. बस, एवढंच. त्या दिवशी घरी घेऊन जायला माझ्याजवळ निरोप नव्हता. मी रचला. "काका म्हणाले, वेल डन."

तुमचा बाबा बूट काढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाला, "ओके."

काका गुरुवारी गेले. शेवटची मॅच शनिवारी सकाळी होती आणि दफनही शनिवारी सकाळी. मी ठरवलं, आजोबांनी तिकडे जायचं, मी मैदानावर. तुमच्या बाबाला सांगितलं, आजोबांना ऑफिसचं काम निघालंय.

गवतावर दंव गोठलेलं होतं. मी स्टॉपवॉच हातमोज्याच्या आत धरून बसले होते. त्या मॅचमध्ये तुमच्या बाबाने पाच पंट मारले. चौथा मला अजून दिसतो. चेंडू हातातून असा सुटला की जणू कोणी तो धरलेलाच नव्हता. मग तो कोरडा, भरीव आवाज. चेंडू स्वतःभोवती फिरत चढत गेला आणि वरती थांबल्यासारखा झाला. तुमच्या बाबाने मान वर केली नाही. मी खटका दाबला: चार पूर्णांक दोन दशांश सेकंद. त्याच्या वयाला फार होतं. प्रेक्षक हॉट डॉग आणायला उठले नाहीत. आमचा संघ हरला, पण केविन आणि आणखी दोघांनी तुमच्या बाबाला उचलून घेतलं. मी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी दोन मैलांवर काय चाललंय हे मला माहीत होतं.

घरी येताना तो गाडीत सारखा बोलत होता. "आई, फोर पॉइंट टू! आज मी काकांना फोन करणार. तू नंबर शोध. नाहीतर आपण ड्राइव्ह करून जाऊ ना, इंडियाना जवळच आहे."

मी म्हटलं, "घरी जाऊन बोलू."

मी बोलण्याच्या आधीच दार उघडलं. आजोबा काळ्या सुटात जिन्याच्या पायरीवर बसले होते. बुटांना ओली पिवळी माती. तुमच्या बाबाने सूट पाहिला, बूट पाहिले, आणि हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळला.

"कधी?"

"परवा."

"इंडियानात?"

"नाही. इथेच होते. महिनाभर."

तो रडेल, ओरडेल, अशी माझी तयारी होती. दोन्ही झालं नाही. तो म्हणाला, "ते 'वेल डन' तुझं होतं ना?"

"हो."

"मला वाटलंच होतं." मग तो अगदी शांतपणे, काकांच्याच आवाजात म्हटल्यासारखा म्हणाला, "कुठे गेला ते दिसलं मला. का ते सांग."

मी सांगायला लागले. तुझ्या मॅचेस होत्या, तुझे मित्र, तुझं मन, आपल्याकडे असंच करतात, माझ्या वडिलांच्या वेळीसुद्धा. तो ऐकत उभा होता. माझं सगळं बोलून संपलं तरी तो उभाच. मला ओळखीचं वाटलं ते थांबून राहणं. मी वाऱ्याचं कारण देत होते.

शेवटी मी म्हटलं, "मी घाबरले."

त्याने मान हलवली आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने आजोबांना दफनभूमीत न्यायला सांगितलं, मला नाही. चेंडू तिथे ठेवून आला. पुढच्या आठवड्यात आजोबा आणि मी गेलो तेव्हा चेंडू तिथे नव्हता. माळ्याने उचलला असणार, त्याचं ते कामच. संघाचा शर्ट त्याने धुऊन, घडी करून परत केला. पुढच्या वर्षी तो निवडीला गेला नाही, आणि त्यानंतर मी त्याला पायाने काहीही उडवताना पाहिलं नाही, साधा खडासुद्धा. माझ्याशी तो बोलायचा, विचारलं तेवढं. हे दोन वर्षं चाललं. मग कमी झालं. पूर्ण गेलं असं मी लिहिणार नाही.

आता मार्चकडे येते. इरा, बाबाने तुला पेपरच्या आधी सांगितलं, पण त्याला कोणी सांगितलं? मी. हॉस्पिटलमधून, आजोबांचा हात सोडल्यावर लगेच. तुझ्या परीक्षेचं वेळापत्रक माझ्या फ्रिजवर लावलेलं होतं, त्या दिवशी कोणता पेपर आहे हे मला पाठ होतं. तीन तास मी थांबू शकले असते. फोन उचलताना माझा हात थांबला होता. मग केला.

बाबाने तुला सांगितलं आणि विचारलं, जायचं की नाही, तू ठरव. तू गेलीस. पेपर वाईट गेला, तेही मला माहीत आहे. हे सगळं बरोबरच झालं असं मी म्हणत नाही. तुझा राग तुझ्याजवळ ठेव. पण आठ दिवसांनी फाटकापाशी तुला कोणी मामा भेटला नाही, आणि दारात कोणाच्या बुटांची माती पाहून तुला काही ओळखावं लागलं नाही.

ब्रेनरकाकांचं घर पाडून तिथे मोठं घर झालं आहे. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. वही आहे. तिसऱ्या रकान्यात सगळं तुमच्या बाबाचं म्हणणं आहे, शेवटची ओळ सोडून. ती त्या शनिवारी संध्याकाळी मी लिहिली, आणि ती माझी आहे: 'घाबरले.' स्टॉपवॉचला चावी दिली की अजून चालतं. आणि तुमच्या बाबाला वाईट बातमी दाबून ठेवता येत नाही.